अवटु-ग्रंथीचे मांद्य आणि नासिकेचे कार्य

वसईसारख्या सागरतीरावरील दमट हवेत नाक चोंदणे ही नित्याची तक्रार होय. तिचा दोष हवेस, धुळीस अथवा सर्दीस दिला जातो व बहुधा तो योग्यही असतो. तथापि काही रुग्णांत या तक्रारीचे मूळ नाकात नसून कंठाच्या पुढील भागी असलेल्या अवटु-ग्रंथीत, म्हणजेच थायरॉइडमध्ये, असते.

या ग्रंथीतून स्रवणारे थायरॉक्सिन शरीरव्यापारांची गती राखते. ते उणे पडले की त्वचेखाली हायलुरोनिक आम्लासारखी, पाणी धरून ठेवणारी द्रव्ये साठू लागतात. विल्यम ऑर्ड या इंग्लिश वैद्याने १८७८ साली या विकारास ‘मिक्सिडीमा’ हे नाव दिले, ते अशाच बुळबुळीत द्रव्याच्या संचयावरून. ज्या कारणाने चेहरा व पापण्या सुजतात, त्याच कारणाने नाकातील श्लेष्मल त्वचाही फुगते आणि श्वासमार्ग अरुंद होतो.

गंधज्ञानावरही परिणाम संभवतो. वाडीतील सोनचाफ्याचा अथवा सुकत घातलेल्या बोंबलांचा परिचित वास काहींना मंद भासू लागतो. गंध ग्रहण करणाऱ्या चेतापेशी आयुष्यभर नव्याने निर्माण होत असतात. थायरॉक्सिनच्या अभावी त्यांची वाढ अपुरी राहते, असे प्राण्यांवरील प्रयोगांत आढळले आहे.

समुद्रकाठी आयोडीनची वाण नसल्याने येथे हा विकार होत नसावा, असा समज होणे शक्य आहे. परंतु तो बरोबर नव्हे. साध्या समुद्रमिठात आयोडीन अत्यल्प असते. शिवाय प्रौढांत हे मांद्य पुष्कळदा शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच ग्रंथीवर उलटल्याने येते.

नवजात अर्भकाच्या बाबतीत तर विलंब घातक ठरतो. अर्भक मुख्यतः नाकानेच श्वास घेते. नाकाचा घरघराट, घोगरे रडणे, सुस्ती, मलावरोध व लांबलेली कावीळ ही लक्षणे एकत्र दिसल्यास तपासणी त्वरित करावी. पुष्कळ अर्भकांत आरंभी कोणतेच लक्षण नसते; म्हणून जन्मानंतर काही दिवसांतच टाचेतील रक्ताची परीक्षा इष्ट असते. पहिल्या दोन आठवड्यांत उपचार सुरू झाल्यास बुद्धीची हानी बहुतांशी टळते.

प्रौढांत नाक चोंदण्याबरोबर थकवा, थंडी सहन न होणे, वजनवाढ व रूक्ष त्वचा आढळल्यास रक्तातील टीएसएचचे प्रमाण पाहावे. नाक मोकळे करणारे थेंब दीर्घकाळ वापरल्याने सूज उलट वाढते. मांद्य हेच कारण असल्यास वैद्याच्या देखरेखीखाली थायरॉक्सिन घेतल्याने श्वास व गंध दोन्ही हळूहळू सुधारू शकतात. मात्र चोंदलेले प्रत्येक नाक या ग्रंथीकडे बोट दाखवीत नाही. निर्णय परीक्षेवरूनच व्हावा.