केकवरून लोणी उतरलं तेव्हा

मार्च 2025 मध्ये राज्याच्या विधानसभेत बनावट पनीरचा विषय गाजला. दुधाचा एक थेंबही नसलेला पदार्थ दुधाच्या नावानं विकला जातो, याबद्दल आमदार तावातावानं बोलले आणि ते योग्यच होतं. त्यानंतर 22 सप्टेंबरपासून केक-पेस्ट्रीवरचा जीएसटी 18 टक्क्यांवरून 5 वर आला, लोण्या-तुपावरचा 12 वरून 5 वर. त्याच सुमारास भूम आणि परंडा तालुक्यांत पुरानं दावणीची जनावरं वाहून नेली. या बातम्या शेजारी शेजारी ठेवल्या की एक गोष्ट डाचते. कुंथलगिरीच्या खव्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळवणारा हा धाराशिव जिल्हा. पण इथल्या वाढदिवसाच्या केकवर जो पांढरा थर असतो, त्यात बहुतेक वेळा दूधही नसतं आणि लोणीही नसतं. तरी त्याला सगळे बिनदिक्कत ‘क्रीम’ म्हणतात. पनीरसाठी पेटून उठलेल्यांना हे क्रीम कधी खटकलं नाही. केकवरून लोण्याचा थर उतरला तेव्हा एक स्निग्ध पदार्थ जाऊन दुसरा आला, इतकंच घडलं असं मी मानत नाही. त्याबरोबर रंगात रंग मिसळण्याचं एक कसब गेलं. आणि ते गिऱ्हाइकाला नको झालं म्हणून गेलं नाही. वीज, फ्रीझर आणि घाई यांनी ते घालवलं.

केकचा भारतातला जुना इतिहास इथं उगाळण्यात अर्थ नाही. केरळात थलश्शेरीला 1883 मध्ये मांबळ्ळी बापूंनी केलेला नाताळचा केक, मुंबई-पुण्याच्या इराणी बेकऱ्या, 1937 मध्ये आलेला डालडा, हे सगळं अनेकदा लिहून झालंय आणि त्यात आपल्या जिल्ह्याचा वाटा जवळजवळ नाही. आपल्याकडे बेकरी म्हणजे पाव, खारी, टोस्ट आणि नानकटाई. केक वर्षातून एकदा, तोही ऐपत असलेल्यांच्या घरी. ही स्थिती नव्वदच्या दशकाअखेरपर्यंत फारशी हलली नाही. खरी हालचाल झाली ती साधारण 2005 ते 2015 या दहा वर्षांत, आणि रेंगाळावं असं काही असेल तर ते तिथंच आहे.

त्या दशकाचा पूर्वार्ध भारनियमनाचा. गावोगाव दिवसाचे कित्येक तास वीज नसायची. ज्या दुकानात फ्रीजचा भरवसा नाही, तिथं ते दुधाविना क्रीम, म्हणजे गोठवलेलं व्हिप, टिकणार कसं? ते उणे 18 अंशांवर साठवावं लागतं, फ्रीजमध्ये सावकाश वितळवावं लागतं, थंडगार असतानाच फेटावं लागतं. म्हणून पुण्या-मुंबईत व्हिपचा बोलबाला होऊन गेला तरी उमरगा, कळंब, तुळजापूर, परंडा अशा गावांत आयसिंग चालू राहिलं. स्निग्ध पदार्थ आणि पिठीसाखर फेटून केलेलं, काउंटरवर दोन दिवस उभं राहणारं आयसिंग. त्याचे गुलाब आता चेष्टेचा विषय झालेत, पण ते करताना नीट पाहिलं तर चेष्टा करवणार नाही. कारागीर कोनच्या एका बाजूला, आतून, गडद गुलाबीचा एक पट्टा चमच्यानं ओढायचा. उरलेल्या जागेत फिका गुलाबी आणि मध्ये पांढरा. पाकळीचं नोजल एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला अरुंद. गडद पट्टा अरुंद टोकाकडे धरला की प्रत्येक पाकळीची कड गडद आणि बुंधा फिका. चपट्या डोक्याच्या खिळ्यावर बोटांनी गिरकी देत पाच-सहा पाकळ्या चढवायच्या आणि कात्रीनं अलगद उचलून केकवर बसवायच्या. पट्ट्यांच्या सीमेवर दोन्ही रंग थोडे एकमेकांत ओढले जातात, आणि डब्यात कधीच नसलेला तिसरा रंग पाकळीवर उमटतो. संस्कारभारतीची रांगोळी काढणारी बोटं दोन रंगांची हद्द पुसून जी मधली छटा काढतात, तीच ही.

दशकाच्या उत्तरार्धात भारनियमन ओसरलं, डीप फ्रीझर आले, नावाजलेल्या साखळ्यांच्या शाखा आल्या. त्यांच्यामागोमाग व्हिपचे डबे आले. वनस्पती तेलापासून बनवलेलं हे क्रीम मूळचं अमेरिकेतलं. महायुद्धात तिकडे क्रीमची टंचाई पडली आणि रॉबर्ट रिच यांनी 1945 मध्ये सोयाबीनपासून त्याचा पर्याय काढला. टंचाईतला तो पर्याय दुधाच्या मुलखात मुख्य पदार्थ होऊन बसला. त्याचं कारण उघड आहे. फेटल्यावर ते तिपटी-चौपटीनं फुगतं, म्हणजे डब्यातल्या वजनाच्या मानानं भरपूर केक झाकले जातात. आयतं पांढरं, हलकं, कमी गोड. पण त्याचा स्वभाव रंग मिसळण्याच्या विरुद्ध आहे. त्यात पाणी आणि हवा जास्त. पॅलेट नाइफनं चार वेळा फिरवलं की ते रवाळ होतं. गडद लाल किंवा गडद निळा करायचा तर इतका रंग घालावा लागतो की ते ढेपाळतं, आणि रात्रभरात शेजारच्या पांढऱ्यात रंग झिरपतो. लोण्याच्या थराला चूक चालते. फ्रीजमध्ये दहा मिनिटं घट्ट करा, खरवडून काढा, पुन्हा लावा, दोन रंग सुरीच्या सपाट बाजूनं एकमेकांत ओढा. व्हिप दुसरी संधी देत नाही. साहजिकच कारागीर मिसळणं सोडून फवारणीवर गेले. पांढऱ्या थरावर स्प्रेचा एक झोत, वर चकचकीत जेल, मध्ये छापील फोटो. एक तासाचं काम दहा मिनिटांवर आलं, आणि दहा मिनिटांत मधली छटा निघत नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे. ज्या आयसिंगसाठी हळहळ चाललीय त्यात लोणी होतं कुठं? बहुतेक बेकऱ्यांत ते मार्गारीनचं किंवा वनस्पती तुपाचं असायचं, टाळूला चिकटायचं, त्यात ट्रान्स फॅट भरपूर. हे खरं आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणानं तेला-तुपांतल्या ट्रान्स फॅटची मर्यादा 2021 मध्ये 3 टक्के आणि 2022 मध्ये 2 टक्के केली ती उगीच नव्हे. त्या डालड्याची मला आठवणही नको. पण पदार्थ वाईट होता म्हणून त्यावर चालणारा हातही वाईट, हे कोणत्या न्यायानं? पदार्थ बदलायला हवाच होता, आणि लोणी हाताशी होतं. कारागिराचं कसब तसंच ठेवून त्याच्या भांड्यात लोणी घालणं शक्य होतं. आपण उलटं केलं. एका तेलाच्या जागी दुसरं तेल ठेवलं आणि कसबाला रजा दिली.

मिसळण्याचं ज्ञान गेल्याचा परिणाम नुसता दिसण्यापुरता नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये शेजारच्या कर्नाटकात केकचे 235 नमुने तपासले गेले, त्यातल्या 12 नमुन्यांत कृत्रिम रंग घातक प्रमाणात निघाले. रेड वेल्व्हेट आणि ब्लॅक फॉरेस्ट त्यात आघाडीवर. उमरग्याहून ती सीमा कितीशी लांब? आपल्याकडे खाण्याच्या पदार्थांत आठच कृत्रिम रंगांना परवानगी आहे आणि केकमध्ये त्यांचं एकूण प्रमाण दहा लाख भागांत 100 भागांपलीकडे जाता कामा नये. रंग जाणणाऱ्याला ही मर्यादा जाचत नाही. त्याला माहीत असतं की लोण्यात जेलचा रंग काही तासांत आपोआप गडद होतो, म्हणून संध्याकाळच्या केकसाठी सकाळी एक पायरी फिकाच कालवायचा. लाल हवा तर आधी गुलाबी करून रात्रभर ठेवायचा. थोडं लोणी रंगासकट कोमट करून परत फेटलं की तेवढ्याच रंगात तो दुप्पट खुलतो. आणि केकभर गडद लावण्याची गरज नसते. गडद कडेला एक बोट, मग उतरत्या छटा, एवढ्यानं डोळा भरतो. हे ज्याला येत नाही तो बाटली उपडी करतो.

2020 च्या टाळेबंदीत घरोघरी केक सुरू झाले आणि काहीतरी परत येईल असं वाटलं. शंभर रुपयांत अन्न नोंदणी, मोबाइलवर शिकवणी, घरचा ओव्हन. जिल्ह्यातल्या कितीतरी बायकांनी यातून घराला हातभार लावला, त्याचं मोल मोठं आहे. लोण्याच्या आयसिंगचं बटरक्रीम हे नावही तेव्हाच गावात पोचलं, कोरियन फुलं आणि चित्रकारासारखे सुरीनं ओढलेले रंग घेऊन. पण ते परदेशी नवलाई म्हणून पोचलं, महागडं, आपल्यासाठी नसलेलं. ‘आपल्या उन्हात लोणी टिकत नाही’ आणि ‘त्यात अंडं असतं’ ही दोन वाक्यं त्याच्या तोंडावर मारली गेली.

दोन्हींना उत्तर आहे. लोणी 32 ते 35 अंशांना पातळ होतं आणि आपला मे चाळिशी ओलांडतो, हे मान्य. पण व्हिप तरी त्या उन्हात कुठं उभं राहतं? त्याला फ्रीज लागतोच, मग तोच फ्रीज लोण्याला का नको? शिवाय म्हशीच्या दुधातला स्निग्धांश गाईच्या मानानं कडक. अंड्याचं म्हणाल तर स्विस आणि इटालियन पद्धतीत पांढरा बलक लागतो, पण सगळ्या पद्धतींत नाही. मैदा दुधात आटवून, गार करून, त्यात लोणी फेटत जाणारी एक जुनी पद्धत आहे. ती कमी गोड आहे, गुळगुळीत आहे आणि माळकऱ्याच्या, लिंगायतांच्या घरी बिनघोर चालते. आणि रंगासाठी तर या जिल्ह्याच्या हातात जगाला हेवा वाटावा असं काही आहे. गाईच्या लोण्यात कॅरोटिन असतं, ते पिवळं पडतं, त्यात निळा घातला की हिरवट होतो. तो पिवळेपणा मारायला परदेशी कारागीर सुईच्या टोकावर जांभळा रंग घेऊन कालवत बसतात. म्हैस ते कॅरोटिन जीवनसत्त्व अ मध्ये बदलून टाकते, म्हणून तिचं लोणी पांढरंशुभ्र. निळा निळाच राहतो. भूमच्या भट्टीवाल्याला म्हशीच्या दुधाचा पांढरा खवा कळतो, पण तोच पांढरेपणा केकसाठी सोनं आहे हे त्याला कुणी सांगितलं नाही. घरचं ताकाचं लोणी मात्र तसंच चालणार नाही. त्यात आंबटपणा आणि पाणी राहतं, थर फाटतो. गार पाण्यात चार-पाच वेळा धुऊन, पिळून घ्यावं लागतं, किंवा थेट सायीचं बिनमिठाचं काढावं लागतं.

उरतो पैशाचा प्रश्न, आणि तो मी झटकून टाकत नाही. लोण्याचा केक महाग पडणार, कारण व्हिपसारखी त्यात चौपट हवा भरता येत नाही. पण महाग म्हणणारी हीच गिऱ्हाइकं चौकात फ्लेक्स लावतात, तोंडाला फासायला वेगळा केक मागवतात, वरून फेसाचे फवारे उडवतात. तलवारीनं केक कापल्याचे गुन्हे पोलिसांना नोंदवावे लागतात. जो केक चेहऱ्यावर थापायचा आहे त्यावर कोण कशाला पाकळीची कड गडद करत बसेल? पैसा आहे, तो बघण्यावर आणि खाण्यावर खर्च करायची सवय मोडलीय. पुरातून वाचलेल्या म्हशींचं दूध आज खव्याच्या नाहीतर संकलन केंद्राच्या दरानं जातं. कर उतरला आहे, घरगुती केक करणाऱ्या बायका तालुक्या-तालुक्यात आहेत, बचत गट आहेत. जिल्ह्यातल्या दूध संस्थांनी अर्ध्या किलोच्या पाकिटात म्हशीचं बिनमिठाचं पांढरं लोणी काढावं आणि बेकरीवाल्यांनी पाटीवर ‘लोण्याचा’ आणि ‘तेलाचा’ असे दोन वेगळे भाव लिहावेत. गिऱ्हाईक काय निवडतं हे त्यानंतर बोलू, कारण आजवर त्याच्यापुढे निवड ठेवलीच गेली नाही.