उपकार नव्हे, देणं : गुन्ह्यातले पीडित आणि सरकारी पैसा

मघाशी व्याख्यान सुरू व्हायच्या आधी इथल्या एका आशाताईंनी मला विचारलं, "सर, गुन्हा करतो तो माणूस. मग पैसे सरकारनं का द्यायचे?" मी लिहून आणलेलं बाजूला ठेवतो. आज याच प्रश्नावर बोलू.

आता बघा, कोर्टात खटल्याचं नाव काय असतं? 'महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुक'. जिच्यावर अत्याचार झाला तिचं नाव त्यात नाही. ती फक्त साक्षीदार. असं का? तर आपण सर्वांनी मिळून मान्य केलंय की सूड कुणी स्वतः घ्यायचा नाही, शिक्षेचा अधिकार एकट्या राज्याचा. त्या बदल्यात राज्यानं शब्द दिला, तुमचं रक्षण आम्ही करू. गुन्हा घडला, तेव्हा तो शब्द पाळला गेला नाही. मग आरोपीला तुरुंगात घातलं तरी राज्याचं काम निम्मंच झालं. मोडलेल्या माणसाला उभं करणं, हे उरलेलं निम्मं.

कुणी म्हणेल, मग काय प्रत्येक चोरीची भरपाई सरकारनं द्यायची? नाही. कायद्यानं कसोटी घातली आहे : गुन्ह्यामुळे हानी झाली आणि पुनर्वसनाची गरज आहे, अशी व्यक्ती किंवा तिच्यावर अवलंबून असलेले.

हा विचार तसा नवा आहे. इंग्लंडमध्ये मार्जरी फ्राय यांनी तो 1950च्या दशकात मांडला, न्यूझीलंडनं 1963 साली त्याचा कायदा केला. अमेरिकेनं 1984 साली निधी उभारला, तो मुख्यतः गुन्हेगारांकडून वसूल केलेल्या दंडातून. आपल्याकडे फौजदारी प्रक्रिया संहितेत 357-अ हे कलम 2009च्या अखेरीस लागू झालं. तेच आता नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 396. महाराष्ट्राची मनोधैर्य योजना 2 ऑक्टोबर 2013पासूनची. बलात्कार, बालकांवरचे लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ला यांतल्या पीडितांसाठी ती आहे. सुरुवातीला 2 ते 3 लाख मिळत, 2017च्या सुधारणेनंतर 10 लाखांपर्यंतची तरतूद झाली.

म्हणजे कागदावर पैसा आहे. मग अडतं कुठे?

सायवनहून जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते, वर गाडीभाडं. कागद प्रमाण मराठीत, आणि सांगणारी वारलीत सांगते. दिवाळीनंतर कुटुंब वीटभट्टीवर गेलेलं असतं. बोलावणं आलं तर घराला कुलूप. रक्कम मंजूर झाली तरी तिचा मोठा भाग मुदत ठेवीत जातो. म्हणून मी म्हणतो, निधी म्हणजे नुसती रक्कम नव्हे. तिच्यापर्यंत पोचायची वाट, दुभाषा, समुपदेशक, हेसुद्धा निधीतच धरायला हवं. विहीर खणली आणि दोर दिला नाही, तर तहान भागेल का?

आता काही गोष्टी लिहून घ्या. भरपाईसाठी आरोपीला शिक्षा व्हायलाच हवी असं नाही. आरोपी सापडला नाही तरी अर्ज करता येतो. प्राधिकरणानं 2 महिन्यांत चौकशी पूर्ण करायची असते. तातडीच्या उपचारांसाठी पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याचा दाखला चालतो. बलात्कार किंवा ॲसिड हल्ल्यातल्या पीडितेवर खासगी रुग्णालयानंही मोफत उपचार करायचे असतात. महिला आणि आदिवासी यांना वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही; त्यासाठी फोन 15100. ॲट्रॉसिटी कायद्याखाली टप्प्याटप्प्यानं मदत मिळते, पण आरोपी स्वतः आदिवासी किंवा दलित असेल तर तो कायदा लागत नाही. तेव्हाही कलम 396चा रस्ता मोकळाच असतो, हे विसरू नका.

शेवटी एका शब्दाबद्दल. सरकारी भाषेत योजनेचे पैसे घेणाऱ्याला 'लाभार्थी' म्हणतात. मला सांगा, जिच्यावर अत्याचार झाला तिला कसला लाभ? शब्दामुळे वागणूक ठरते. लाभार्थीला थांबवता येतं, 'निधी आला नाही, पुढच्या महिन्यात या' म्हणता येतं. ज्याचं आपण देणं लागतो, त्याला असं परत पाठवताना मान खाली जाते.

हा फरक या भागाला मी काय शिकवणार! 1945 साली तलासरीजवळ झरी गावात वारली जमले आणि वेठ करायची नाही असं ठरवून उठले. मालकानं दया करावी अशी ती मागणी नव्हती. घामाचा दाम हे मालकाचं देणं आहे, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

तेव्हा आशाताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं : सरकार पैसे देत नाही, फेडतं. उद्या कुणा मुलीबरोबर त्या कार्यालयात गेलात, तर हात जोडून उभ्या राहू नका. खुर्ची ओढून बसा, आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय उठू नका.