अर्धा पेला

आमच्या घरी दारूचे नाव निघाले, की आई देवघराकडे पाहून हात जोडी. धाकट्या काकांचा संसार तिच्यापायीच धुळीला मिळाला होता. चाळिशी उलटली तरी मी तिला शिवलो नव्हतो. पण बेल्जियमच्या सहलीत, रूसेलारे गावी, यजमानांनी पेला पुढे केला आणि नाही म्हणणे जिवावर आले.

ती ‘रोडेनबाख अलेक्झांडर’ होती. आंबट चेरी घालून मुरवलेली तांबडी बिअर. हा कारखाना १८२१ सालचा. तिथे ओक लाकडाच्या माणसाहून उंच पिंपांत बिअर दोन वर्षे मुरते. लाकडात वस्तीला असलेले जीवाणू तिला आंबवतात. मग तीत ताजी बिअर मिसळून चव जुळवतात. एरवी आंबलेली बिअर ओतूनच देतात. इथे तो आंबटपणा जिवापाड जपतात!

पहिल्या घोटाला चेरी, मग शिरक्याची झणक, शेवटी लाकडाचा तुरटपणा. मला आईची दादरा बांधलेली लोणच्याची बरणी आठवली. पेला मी अर्धाच ठेवला.

घरी येऊन आईला भीतभीत सारे सांगितले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “अर्धा ठेवलास ना? भावजींना तेवढंच कधी जमलं नाही रे.”