जपानी स्वतंत्र चित्रपटातील रोजनिशी : कॅमेरा आणि आप्तसंबंध

प्रस्तावना :
लिखित रोजनिशी एकांतात लिहिता येते. चित्रित रोजनिशीत मात्र आप्तजन प्रत्यक्ष कॅमेऱ्यासमोर असतात. जपानी साहित्यात ‘शिशोसेत्सु’ या आत्मपर कथनाची परंपरा विसाव्या शतकाच्या आरंभापासून आढळते. १९७० च्या दशकात स्वतंत्र चित्रपटकारांनी हीच आत्मपरता पडद्यावर आणली. असा चित्रपट जीवनाची केवळ नोंद करतो की ते जीवन बदलतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

नोंद आणि हस्तक्षेप :
कवी व वृत्तछायाचित्रकार शिरोयासु सुझुकी यांनी ‘निचिबोत्सु नो इन्शो’ (१९७५) मध्ये एका जुन्या सोळा मिलिमीटर कॅमेऱ्याने पत्नी, तान्हे मूल आणि नित्याचे जीवन टिपले. येथे चित्रण हा घरगुती आनंदाचाच एक भाग आहे. काझुओ हारा यांच्या ‘क्योकुशितेकी एरोसु : रेन्का १९७४’ (१९७४) चे स्वरूप वेगळे आहे. विभक्त झालेली सहचारिणी मियुकी ताकेदा ओकिनावाला गेल्यावर तिच्याशी संबंध टिकविण्याचा मार्ग म्हणून हारा यांनी चित्रपट हाती घेतला. तिच्या प्रसूतीचे दृश्य अस्पष्ट आले, तरी त्यांनी ते वगळले नाही. चित्रणकर्ता तटस्थ नव्हता, याची साक्ष ती अस्पष्टताच देते.

स्पर्श आणि जाब :
नारा येथे जन्मलेल्या नाओमी कावासे यांनी ‘नि त्सुत्सुमारेते’ (१९९२) मध्ये कुटुंब-नोंदवहीतील पत्त्यांच्या आधारे न पाहिलेल्या पित्याचा शोध घेतला. ‘कतात्सुमोरी’ (१९९४) मध्ये त्यांचा हात कॅमेऱ्यामागून पुढे येऊन पालक-आजीच्या चेहऱ्याला स्पर्श करतो. ‘ताराचिमे’ (२००६) मध्ये मात्र तोच कॅमेरा वृद्ध आजीला भूतकाळातील कठोर शब्दांचा जाब विचारतो. मायेने जवळ गेलेले साधन येथे अधिकार गाजवू लागते.

निष्कर्ष :
उपरोक्त चित्रपटांवरून असे दिसते की, रोजनिशीपटातील ‘मी’ एकटा नसतो. कॅमेरा नसता तर यांतील काही भेटी, काही प्रश्न कदाचित घडलेच नसते. म्हणूनच प्रामाणिक आत्मकथन एवढा निकष अशा चित्रपटांना पुरेसा ठरत नाही. ज्यांचे खाजगी जीवन उघड झाले, त्यांना नकार देण्यास कितपत वाव होता, हा प्रश्नही समीक्षेने विचारणे आवश्यक आहे.