कातळ दळणारी नदी

निघोजच्या कुंडावर पोचेपर्यंत पुढे काही बघण्यासारखं असेल असं वाटत नाही. मळगंगेचं देऊळ येतं, आणि चार पावलांवर जमीन एकदम दुभंगते. काळ्या कातळात कुकडी नदीनं खोल घळ कापलीय आणि त्या कातळभर रांजणखळगे आहेत. काही ओंजळीएवढे, तर काहींत उतरलेला माणूस दिसायचा नाही. अलीकडचा काठ पारनेर तालुक्याचा, पलीकडचा शिरूरच्या टाकळी हाजीचा.

इथं यावं ते उन्हाळ्यात, पाणी उतरल्यावर. मी एप्रिलात गेलो होतो. गुडघे टेकून एका कोरड्या खळग्यात हात घातला. तळाशी मूठभर वाळू आणि पाच-सहा गोटे, अंड्यासारखे गुळगुळीत. रांजण घडवणारे कारागीर हेच.

पुराचं पाणी एखाद्या भेगेवर अडखळलं की तिथं भोवरा धरतो. त्यात सापडलेला गोटा गरगर फिरत कातळ घासत राहतो. जात्यात वरची पाळी फिरते तसा. घासणी तळाशी जास्त, म्हणून तोंड अरुंद आणि पोट मोठं. भिंतीवरून बोट फिरवलं तर गोल गेलेले चर हाताला लागतात.

हा कातळ म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थंड झालेला लाव्हा, बेसॉल्ट. त्यातल्या वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत पुढे गारगोटीसारखी खनिजं साठली. मोहसच्या कठिणतेच्या मोजपट्टीवर गारगोटी ७, बेसॉल्टमधली मुख्य खनिजं ६ च्या आसपास. म्हणजे याच कातळाच्या पोटातून सुटलेला खडा त्याच कातळाला खातो! मला कुकडीची हीच गोष्ट सगळ्यांत विलक्षण वाटते. गोटा झिजून संपला की पुढचा पूर दुसरा आणून टाकतो.

शेजारच्या रांजणांमधली भिंत पातळ होत जाते, एक दिवस फुटते, आणि दोघांचा एक होतो. असे कितीतरी रांजण जुळून घळ खोल गेली आहे. तिच्या कडेला अर्धे कापलेले रांजण उभे दिसतात. ते जरूर शोधा.

आठवण म्हणून गोटे खिशात घालणारे बरेच असतात. कृपा करून नेऊ नका. माझ्याही हातात एक पांढरट, गार गोटा बराच वेळ होता. खळग्यात परत सोडला, तेव्हा आतून टक्कन आवाज आला.