चालू घडामोडी व प्रसारमाध्यमांद्वारे जागतिक धर्मांचे अध्यापन

चालू घडामोडी व प्रसारमाध्यमांद्वारे जागतिक धर्मांचे अध्यापन ही शालेय आणि महाविद्यालयीन स्तरावरील एक अध्यापन पद्धती आहे. वृत्तपत्रांतील बातम्या, छायाचित्रे, दूरचित्रवाणीवरील वार्तांकन, न्यायालयीन निकाल आणि समाजमाध्यमांवरील मजकूर यांच्या आधारे विविध धर्मांच्या श्रद्धा, आचार व अंतर्गत मतभेद यांचा अभ्यास तिच्यात केला जातो. धर्माचा उपदेश करणे हा तिचा हेतू नसतो. पाठ्यपुस्तकात धर्म बहुधा संस्थापक, ग्रंथ आणि सण अशा ठरीव साच्यात येतो. बातमीत तो आजच्या माणसांच्या व्यवहारात दिसतो, हे या पद्धतीचे बलस्थान होय. तिची अडचणही तेथेच आहे. धर्म ठळक बातमीचा विषय होतो तो मुख्यतः हिंसा, वाद किंवा खटला उद्भवल्यावर. त्यामुळे बातमीतील धर्म शिकवताना बातमी कशी घडते हेही शिकवावे लागते.

पार्श्वभूमी

या पद्धतीचा पाया धर्माचे शिक्षण आणि धर्माविषयीचे शिक्षण यांतील भेदावर उभा आहे. अमेरिकेत हा भेद १९६३ च्या ॲबिंग्टन विरुद्ध शेम्प खटल्यात स्पष्ट झाला. पेनसिल्व्हेनिया राज्याच्या कायद्यानुसार सरकारी शाळांत दररोज बायबलमधील किमान दहा वचने वाचली जात. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असे भक्तिपर वाचन घटनाबाह्य ठरवले. मात्र तुलनात्मक धर्म किंवा धर्मांचा इतिहास धर्मनिरपेक्ष शिक्षणाचा भाग म्हणून शिकवण्यास हरकत नसल्याचेही त्याच निकालात नमूद केले. कॅलिफोर्नियातील मोडेस्टो शहराने २००० मध्ये नववीच्या विद्यार्थ्यांसाठी जागतिक धर्मांचा अभ्यासक्रम अनिवार्य केला.

ब्रिटनमध्ये निनियन स्मार्ट यांनी १९६७ मध्ये लँकेस्टर विद्यापीठात धर्म-अध्ययन विभाग उभारला. धर्म म्हणजे केवळ सिद्धान्त नसून विधी, कथा, अनुभव, नीती व समाजसंस्था अशी त्याची अनेक अंगे असतात, ही त्यांची मांडणी पुढे शालेय अभ्यासक्रमांतही उतरली. माध्यमांच्या बाजूने महत्त्वाचे ठरलेले पुस्तक म्हणजे एडवर्ड सैद यांचे ‘कव्हरिंग इस्लाम’ (१९८१). इराणमधील ओलीस प्रकरणाच्या काळात पाश्चात्त्य वार्तांकनाने इस्लामची जी एकसाची प्रतिमा उभी केली, तिची चिकित्सा त्यात आहे.

अमेरिकन अकॅडमी ऑफ रिलिजन या संस्थेने २०१० मध्ये शाळांसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. कोणताही धर्म आतून एकजिनसी नसतो, तो काळानुसार बदलतो आणि तो संस्कृतीत मिसळलेला असतो, ही त्यांतील तीन गृहीतके. बातमी तपासण्यासाठी ती फार उपयोगी पडतात, कारण मथळा नेमका याच्या उलट बोलतो: एका घटनेवरून संपूर्ण समुदायाविषयी आणि एका प्रवक्त्यावरून संपूर्ण धर्माविषयी.

बातमीचे वाचन

या पद्धतीत एकच घटना दोन पातळ्यांवर वाचली जाते. ५ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात ओक क्रीक येथील गुरुद्वारात एका वर्णवर्चस्ववाद्याने गोळीबार करून सहा जणांची हत्या केली. तो रविवार होता आणि स्वयंपाकघरात लंगरची तयारी सुरू होती. प्रार्थनास्थळात इतके मोठे स्वयंपाकघर का असते, हा प्रश्न बातमीच्या या तपशिलातूनच निघतो. त्याचे उत्तर शोधताना विद्यार्थी पंगत, सेवा आणि जातिभेदाला नकार या शीख परंपरेच्या गाभ्यापर्यंत पोहोचतात. ‘शीख धर्माची तत्त्वे’ अशा शीर्षकाखाली दिलेल्या पाच मुद्द्यांच्या यादीतून हे साधणे कठीण असते.

दुसरी पातळी वार्तांकनाची. या हत्याकांडानंतर अनेक अमेरिकी वाहिन्यांनी शीख म्हणजे कोण हे सांगताना ते मुस्लिम नाहीत यावर भर दिला आणि हल्ला ‘चुकीच्या ओळखीतून’ झाला असावा असे सुचवले. ११ सप्टेंबर २००१ नंतर चारच दिवसांनी ॲरिझोनातील मेसा येथे एका शीख पेट्रोल पंप मालकाची हत्या झाली, तेव्हापासून ही मांडणी रूढ होती. अनेक शीख कार्यकर्त्यांनी तिच्यावर आक्षेप घेतला. ओळख चुकली असे म्हणताना एखादी ‘बरोबर’ ओळखही असू शकते, म्हणजे मुस्लिमांवरील हल्ला जणू समजण्याजोगा आहे, असे त्यातून ध्वनित होते. वर्गात या दोन शब्दांवर एक अख्खी तासिका खर्च करता येते.

छायाचित्रांचे वाचनही याच धर्तीवर होते. कोणत्या धर्माच्या बातमीसोबत कोणते चित्र येते, त्यात स्त्रिया पाठमोऱ्या आहेत की बोलताना दिसतात, चित्र घटनेचे आहे की संग्रहातून काढलेले, याची नोंद विद्यार्थी काही आठवडे ठेवतात.

हिंसेच्या बातम्यांना उतारा म्हणून शांत घटनाही निवडल्या जातात. ८ मे २०२५ रोजी लिओ चौदावे यांची पोप म्हणून निवड झाली, तेव्हा सिस्टाईन चॅपेलच्या धुराड्याकडे जगभरातील कॅमेरे लागले होते. विधी, सत्ता आणि परंपरा यांचा संबंध शिकवण्यास असा प्रसंग सोयीचा असतो. तरीही देवघर, उपवास, जेवणातील पथ्ये आणि मृत्यूनंतरचे दिवस हे धर्माचे रोजचे रूप ठळक बातमीत क्वचितच येते. ते दाखवण्यासाठी मुलाखती व क्षेत्रभेटी यांची जोड द्यावी लागते. निव्वळ बातम्यांवर चालणारा वर्ग धर्माला संकटाचे दुसरे नाव समजू लागतो. रॉबर्ट जॅक्सन यांनी युरोप परिषदेसाठी लिहिलेल्या ‘साइनपोस्ट्स’ (२०१४) या मार्गदर्शिकेत माध्यमांतील धर्मचित्रणावर स्वतंत्र प्रकरण आहे.

वाद

डिसेंबर २०१५ मध्ये व्हर्जिनिया राज्यातील ऑगस्टा परगण्यात भूगोलाच्या वर्गातील विद्यार्थ्यांना अरबी सुलेखनाचा नमुना गिरवण्यास देण्यात आला. तो मजकूर शहादा, म्हणजे इस्लामी श्रद्धावचन, होता. लिपीची गुंतागुंत समजावी हा हेतू असला, तरी मुलांकडून दुसऱ्या धर्माची प्रतिज्ञा लिहून घेतली अशी तक्रार झाली. ती देशभर पसरून संतप्त निरोपांचा पूर आला आणि १८ डिसेंबरला परगण्यातील शाळा बंद ठेवाव्या लागल्या. धर्माविषयी शिकवणे आणि धर्माचे आचरण करवणे यांतील रेषा एखाद्या स्वाध्यायात किती पुसट होऊ शकते, हे यातून दिसते. केवळ पाहण्यासाठी दिलेला नमुना आणि हाताने लिहून काढलेले श्रद्धावचन यांत पालकांना जाणवलेला फरक अगदीच अनाठायी नव्हता.

फ्रान्समधील घटना याहून भीषण आहे. सॅम्युएल पॅटी या शिक्षकाने ऑक्टोबर २०२० मध्ये अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या पाठात ‘शार्ली एब्दो’ या साप्ताहिकातील व्यंगचित्रे दाखवली. त्या वेळी वर्गात हजर नसलेल्या एका विद्यार्थिनीने सांगितलेला खोटा वृत्तान्त समाजमाध्यमांतून पसरला आणि १६ ऑक्टोबर रोजी त्यांची हत्या झाली. तो पाठ धर्माचा नव्हता, नागरिकशास्त्राचा होता. तरीही माध्यमांचा अभ्यास करणारा वर्ग स्वतःच कसा माध्यमांचा विषय होतो, याचे हे टोकाचे उदाहरण ठरले.

भारतातील स्थिती

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २८ नुसार पूर्णतः शासकीय निधीतून चालणाऱ्या शैक्षणिक संस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. कोठारी आयोगाने (१९६४–६६) धार्मिक शिक्षण व धर्मांविषयीचे शिक्षण यांत भेद करून दुसऱ्याची शिफारस केली. अरुणा रॉय विरुद्ध भारत सरकार (२००२) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने धर्मांच्या अभ्यासास अनुच्छेद २८ चा अडसर नसल्याचे स्पष्ट केले. मात्र ‘चालू घडामोडी’ हा शब्द महाराष्ट्रात प्रामुख्याने स्पर्धा परीक्षांशी जोडला गेला आहे. तेथे पोपच्या निवडीतून एका गुणाचा प्रश्न तयार होतो आणि विषय संपतो.

या पद्धतीसाठी अनुरूप भारतीय उदाहरण म्हणून संथाऱ्याचा खटला घेता येतो. राजस्थान उच्च न्यायालयाने १० ऑगस्ट २०१५ रोजी संथारा, म्हणजे अन्नाचा क्रमशः त्याग करून मृत्यूला सामोरे जाण्याचे जैन व्रत, आत्महत्येसमान दंडनीय ठरवले. जैन समाजाने देशभर निषेध केला आणि ३१ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालास स्थगिती दिली. ‘व्रत की आत्महत्या?’ या धर्तीच्या मथळ्यापासून पाठ सुरू होऊ शकतो. श्वेतांबर परंपरा ज्याला संथारा म्हणते, त्याला दिगंबर परंपरेत सल्लेखना म्हणतात. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात जगण्याची आस आणि मरणाची आस हे दोन्ही या व्रतातील दोष मानले आहेत, ही गोष्ट मथळ्यातील द्वंद्वात बसत नाही. त्याचबरोबर वृद्ध व आजारी व्यक्तींवर कुटुंबाचे किंवा समाजाचे दडपण येऊ शकते हा आक्षेपही धर्मविरोध म्हणून झटकता येत नाही. तो विद्यार्थ्यांना त्याच्या संपूर्ण जोरासह वाचावा लागतो. महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांसाठी हा विषय दूरचा नाही: आचार्य शांतिसागर यांनी १९५५ मध्ये आताच्या धाराशिव जिल्ह्यातील कुंथलगिरी येथे सल्लेखना घेऊन देह ठेवला.