दुधाचा दात पडत नाही तेव्हा…

शाळेत तिसरीच्या वर्गाला शिकवताना मुलांच्या तोंडातली खिंडारं रोजच दिसतात. पण 'दिव्याखाली अंधार' म्हणतात ना, तसं माझं झालं. आमच्या धाकट्याला साडेनऊ वर्षं झाली, तरी वरचा पुढचा एक दुधाचा दात जागचा हलेना. शेजारचा केव्हाच पडून तिथे पक्का दात आला होता. "येईल गं, एखाद्याला उशीर होतो," असं सासूबाई म्हणाल्या आणि मलाही ते पटलं. दुखत नव्हतं, सूज नव्हती. मग शिरपूरहून वाशिमला जाऊन दिवस आणि पैसे कोण घालवणार?

शेवटी हिरडीवर बोटाला टणक उंचवटा लागला, तेव्हा मी घाबरले. वाशिमच्या दंतवैद्यांनी एक्स-रे काढून उजेडात धरला. दुधाच्या दाताच्या मुळाशी तांदळाच्या कण्यांसारखे बारीक दाणे एकत्र दिसत होते. त्यांच्यावर पक्का दात अडकून बसला होता. "ही दातांचीच गाठ. ओडोन्टोमा म्हणतात," ते म्हणाले. 'गाठ' हा शब्द ऐकला आणि माझे पायच गळाले.

गाठ, पण कर्करोग नव्हे

मैत्रिणींनो, मला त्या दिवशी जे कळलं ते तुम्हाला आधीच ठाऊक असावं, म्हणून हा लेख. दात तयार करणाऱ्या पेशींचं काम कुठेतरी चुकतं आणि एका दाताऐवजी दातांचा पुंजकाच तयार होतो. तो कर्करोग नव्हे आणि शरीरात पसरतही नाही. एका प्रकारात छोटे छोटे दात वेगळे दिसतात. तो बहुधा वरच्या जबड्यात पुढे होतो. दुसऱ्यात दातांचाच ऐवज, पण आकार नसलेला एकच गोळा होतो. तो बहुधा खालच्या जबड्यात, दाढांकडे. हे असं का होतं, याचं नेमकं कारण अजून सापडलेलं नाही. तेव्हा 'गोड खाऊ दिलं म्हणून झालं' असा दोष स्वतःला लावून घेऊ नका.

दुखत नाही म्हणून दुर्लक्ष केलं तर काय होतं, याचं उदाहरण आपल्या शेजारच्याच बुलढाणा जिल्ह्यातलं आहे. तिथल्या १७ वर्षांच्या एका मुलाचा जबडा दीड वर्ष सुजलेला होता. जुलै २०१४ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. सुनंदा धिवरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे सात तास शस्त्रक्रिया करून २३२ दात काढले. आतला कठीण गोळा तर छिन्नी-हातोडीने फोडावा लागला. २०१९ मध्ये चेन्नईला सात वर्षांच्या मुलाच्या जबड्यातून ५२६ दात निघाले. अर्थात हे अगदी विरळा. बहुतेक गाठी लहानच असतात.

केव्हा दाखवावं?

* एका बाजूचा पक्का दात येऊन सहा महिने झाले, तरी दुसऱ्या बाजूचा आला नाही तर.
* बरोबरीच्या मुलांचे पडले, तरी दुधाचा दात घट्टच असेल तर.
* हिरडीवर किंवा जबड्यावर टणक फुगवटा असेल तर, मग तो दुखो वा न दुखो.

अशा वेळी लवंगेचं तेल आणि हळदीचा लेप यांत दिवस घालवू नयेत. गाठ लेपाने विरत नाही. साध्या एक्स-रेने बरंच कळतं; गरज पडल्यास सगळ्या जबड्याचा मोठा एक्स-रे काढतात. मोठ्या शहरातल्या खाजगी दवाखान्याचा खर्च झेपत नसेल, तर नागपूरला शासकीय दंत महाविद्यालय आहे.

उपचार

उपचार म्हणजे गाठ काढून टाकणं. धाकट्याची शस्त्रक्रिया अकोल्याला झाली. हिरडी बधिर करून तासाभरात अकरा इवलेसे दात निघाले. तो घाबरेल असं वाटलं होतं. पण हातात माझा पदर धरून तो डॉक्टरांबरोबर एक, दोन, तीन असे दात मोजत होता! काढलेला भाग तपासणीला पाठवला. हे टाळू नये, कारण जबड्याच्या काही गाठी वरून साध्या दिसल्या तरी हाड पोखरतात आणि पुन्हा उद्भवतात. ओडोन्टोमा पूर्ण काढला तर सहसा परत येत नाही.

पहिला दिवस गार मऊ भात आणि ताक दिलं. ठेचा, भाकरी आठवडाभर बंद. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याच्या हलक्या गुळण्या. टाके असताना जोरात चूळ भरू देऊ नये.

अडकलेला दात पुढे तारेने हळूहळू ओढून जागेवर आणला. त्याला वर्ष लागलं. आणखी उशीर केला असता तर काम अवघड झालं असतं, असं डॉक्टर म्हणाले. ते अजून मनाला टोचतं.

आता दर पहिल्या रविवारी मी मुलांना खिडकीपाशी उजेडात बसवते आणि "आ कर" म्हणते. दोन मिनिटांचं काम. या रविवारी तुम्हीही करून बघा.